घाटातला खेकडा आमच्या टेबलावर

दिवाळीत आपल्याकडे मुले किल्ला करतात. माती कालवतात, पोती भिजवून डोंगर उभे करतात, अळीव पेरून रान उगवतात आणि सर्वांत वरच्या बुरुजावर शिवाजी महाराजांची मूर्ती बसवतात. महाराज महादरवाज्यापेक्षा उंच असतात, मावळा तोफेएवढा असतो आणि पायथ्याशी ठेवलेला वाघ तर सगळा गड एका घासात गिळील असा! त्याबद्दल कोणी हरकत घेत नाही, घेऊही नये. किल्ल्यात मापाला महत्त्व नसते, मानाला असते. ज्याचा मान मोठा, त्याची मूर्ती मोठी.

पण समजा, एखाद्याच्या मनाने घेतले की तोच किल्ला अगदी मापात करायचा. मावळा दरवाज्यातून आत जायला हवा, पायरी त्याच्या पावलाला पुरायला हवी, तोफ त्याच्या कमरेला यायला हवी. मग त्या माणसाची दिवाळी संपून शिमगा आला तरी किल्ला पुरा व्हायचा नाही. मला जो छंद जडला आहे तो ह्या दुसऱ्या जातीचा. मुलांच्या खेळातल्या प्लॅस्टिकच्या विटा घेऊन मी खऱ्या आगगाड्यांच्या प्रतिकृती बांधते. हो, त्याच विटा, ज्यांना आपण सरसकट ‘लेगो’ म्हणतो आणि ज्या रात्री अंधारात पायाखाली आल्या की घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून नको ते शब्द निघतात!

हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझे टेबल पाहून विचारतात, “नातू आलाय वाटतं?” नातू अजून नाही. नोकरीची तीस वर्षे मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नळांचे आणि टाक्यांचे आराखडे काढले. निवृत्त झाल्यावर हाताला सवय राहिली होती, काम राहिले नव्हते. तिथे ह्या विटा शिरल्या. मात्र हा छंद केवळ वेळ घालवण्यापुरता राहिला नाही, त्याला आमच्या घरातलेच एक कारण घडले. ते सांगण्याआधी ही वीट आहे तरी काय, ते पाहू.

सुताराच्या घरची वीट

डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचे गाव आहे. तिथे ओले कर्क क्रिस्टियनसेन ह्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करावयास सुरुवात केली. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचे तुकडे जोडून त्याने आपल्या कारखान्याला ‘लेगो’ हे नाव दिले. १९४९ साली तिथे प्लॅस्टिकच्या विटा निघू लागल्या, पण त्या आतून पोकळ असल्यामुळे एकमेकींना नीट धरीत नसत. ती अडचण त्याचा मुलगा गॉडफ्रेड ह्याच्या काळात सुटली. २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज झाला, तिच्या डोक्यावर गोल गुंड्या होत्या आणि पोटात नळ्या होत्या. वरच्या विटेची नळी खालच्या विटेच्या गुंड्यांमध्ये घट्ट बसते. लावली की राहते, ओढली की निघते. १९५८ सालची वीट आजच्या विटेवर आजही बसते. साठ-पासष्ट वर्षांत माप बदलले नाही, अशा वस्तू आपल्या घरात किती निघतील, मोजून पाहा.

एकाच रंगाच्या, दोन बाय चार गुंड्यांच्या सहा विटा घेतल्या तर त्या किती निरनिराळ्या तऱ्हांनी जोडता येतील? कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स ह्यांनी हे मोजून काढले. उत्तर आले ९१,५१,०३,७६५. सहा विटांची ही कथा! आगगाडीच्या एका इंजिनाला हजारावर तुकडे लागतात.

गाड्याही काही आजच्या नव्हेत. १९६६ साली लेगोची पहिली बॅटरीवर चालणारी आगगाडी निघाली, तिचे रूळ निळे होते. १९६९ मध्ये बारा व्होल्टची गाडी आली, १९९१ मध्ये रुळांतूनच वीज घेणारी नऊ व्होल्टची. २००६ पासून दुरून चालवायच्या गाड्या आल्या आणि २०१८ पासून बिनतारी ब्लूटूथवरच्या. पण कंपनी विकते ती गाडी मुलांसाठी असते. ती दिसायला छान असते, पण खऱ्या गाडीशी तिचे नाते चुलत-चुलत. खरे नाते जुळवायचे तर आपणच विटा गोळा करून बांधावे लागते.

पाच फूट सहा इंचांचे गणित

माझा जन्म आराखड्यात गेल्यामुळे मी आधी मापे मांडली. दोन गुंड्यांमधले अंतर ८ मिलिमीटर. विटेची उंची ९.६. वीट जिथे जाड होते तिथे पातळ पट्टी वापरतात. तिची उंची ३.२, म्हणजे तीन पट्ट्यांची एक वीट. लेगोच्या दोन रुळांमधले आतले अंतर साधारण साडेसदतीस मिलिमीटर.

आता आपला रेल्वेमार्ग घ्या. भारतातल्या ब्रॉडगेजची रुंदी ५ फूट ६ इंच, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. त्याला साडेसदतीसने भागा. उत्तर येते जवळजवळ ४५. म्हणजे लेगोच्या रुळावर आपली गाडी आणायची तर खऱ्याच्या पंचेचाळिसावा हिस्सा असे माप धरले पाहिजे. युरोपातल्या छंदिष्टांना हेच उत्तर ३८ च्या आसपास येते, कारण त्यांचे रूळ आपल्यापेक्षा अरुंद आहेत. गेजच्या ह्या फरकामुळे त्यांचे तयार आराखडे आपल्या कामाचे राहत नाहीत.

ह्या मापाने लेगोचा ठेंगणा बाहुला पाहिला तर गंमत दिसते. तो सुमारे चार सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे पंचेचाळीस पट केला की जवळजवळ सहा फुटी माणूस. पण खांदे असे की पहिलवानानेही मान खाली घालावी! आपला नेहमीचा निळा डबा सव्वातीन मीटर रुंद असतो. तो ह्या मापात नऊ गुंड्यांचा होतो. लांबी सव्वाएकवीस मीटरहून थोडी जास्त, म्हणजे साठ गुंड्या, जवळपास दोन वीत. एवढा डबा मी बांधला तरी तो वळणार कुठे? लेगोच्या वळणाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर, सोळा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ. पंचेचाळीस पट केली तर ती चौदा-साडेचौदा मीटर भरते. खरी आगगाडी एवढ्या जागेत वळायची म्हणजे तिने आमच्या सोसायटीच्या आवारात प्रदक्षिणा घालण्यासारखे आहे.

तेव्हा सगळेच मापात आणता येत नाही, हे ह्या छंदात पहिल्या आठवड्यातच कळते. काय राखायचे आणि काय सोडायचे, हे ठरवावे लागते. बहुतेक छंदिष्ट रुंदी आठ गुंड्यांवर आणतात, लांबी थोडी आखडतात, चाके मिळतील त्यांतल्या जवळच्या मापाची घेतात आणि डोळ्याला पटेपर्यंत जुळवतात. मीही डोळ्यालाच विचारून बांधले असते. पण आमच्या घरी परीक्षक म्हणून जे बसले आहेत, त्यांना डोळ्यांनी दिसत नाही.

मगर आणि खेकडा

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, रेल्वेत विजेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. १९७०च्या आसपास ते सहाय्यक म्हणून घाटात काम करीत. आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूने गेल्या काही वर्षांत त्यांची दृष्टी जवळजवळ नेली. उजेड आणि सावली एवढेच कळते. वर्तमानपत्र गेले, दूरचित्रवाणी गेली, जुन्या फोटोंची वही कपाटात राहिली. मुळात अबोल असलेला माणूस अधिकच अबोल झाला. जेवायला हाक मारावी, ‘हो’ म्हणावे, एवढाच संवाद उरला.

माझा भाचा जर्मनीहून आला तेव्हा लेगोचा एक डबा घेऊन आला होता. २०२० साली निघालेले ते स्विस इंजिन, १,२७१ तुकड्यांचे. त्या इंजिनाला तिकडे ‘मगर’ म्हणतात. मधे चालकाची खोली आणि पुढे-मागे दोन लांब नाके. स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड घाटातून मालगाड्या ओढण्यासाठी १९१९ पासून ती इंजिने बांधली गेली. भाच्याने बांधलेली ती मगर मी सहज अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली, मग परत उलटी चाचपली आणि म्हणाले, “अगं, हा तर आपला खेकडा! पण आपला नव्हे. ह्याचा कोणीतरी भाऊ आहे.”

त्यांचे बोट अचूक पडले होते. १९२८ पासून जी. आय. पी. रेल्वेने बोरघाट आणि थळघाटासाठी विजेवरची मालगाडीची इंजिने आणली. एकूण ४१. त्यांतली पहिली दहा विंटरथूरच्या कारखान्याने बांधली, त्याच कारखान्याने जिथे गॉटहार्डच्या मगरी घडल्या होत्या. बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने. पुढे ह्या वर्गाला डब्ल्यू. सी. जी. १ असे रुक्ष नाव मिळाले, पण आपल्या रेल्वेच्या माणसांनी त्याला ‘खेकडा’ म्हटले. दोन्ही घाटांचा स्वभावही एकच. बोरघाटात सदतीस फूट चालले की एक फूट चढ, म्हणजे हजारी सत्तावीस, आणि गॉटहार्डचा चढही जवळपास तेवढाच. चढ सारखा, म्हणून जनावरेही सारखी.

त्या संध्याकाळी अण्णा पाऊण तास बोलत होते. कर्जतला गाडीच्या मागे बँकर कसा लागायचा, पुढच्या ड्रायव्हरने शिटी दिली की मागच्याने कसे उत्तर द्यायचे, बोगद्यात दोन्ही शिट्या कशा मिसळायच्या. माझे यजमान दारात उभे राहून ऐकत होते. नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, “हे मी कधी ऐकलेलं नाही.” ज्याला चित्र दाखवता येत नाही, फोटो दाखवता येत नाही, त्याच्या हातात वस्तू देता येते. मी मनाशी ठरवले, ह्यांना भाऊ नको, खुद्द खेकडाच द्यायचा.

बोटांची परीक्षा

पहिला आराखडा मी संगणकावर केला. ह्यासाठी एक मोफत सोय आहे. जेम्स जेसिमन नावाच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ साली लेगोचे तुकडे संगणकावर मांडण्याची ‘एलड्रॉ’ ही पद्धत तयार केली. १९९७ साली तो वारला, पण जगभरच्या छंदिष्टांनी ते काम सोडले नाही. एकेका तुकड्याची चित्रे करून भर घालीत राहिले. आज एकही वीट विकत न घेता अख्खे इंजिन पडद्यावर बांधून पाहता येते आणि कोणता तुकडा किती लागेल त्याची यादीही मिळते. वाणसामानाची यादी करण्यापेक्षा मला ती यादी करण्यात अधिक आनंद होतो, हे घरात कोणाला सांगू नका.

आता अडचणी ऐका. खेकड्याच्या प्रत्येक नाकाखाली तीन-तीन मोठी चाके दांड्याने एकमेकांना जोडलेली. लेगोच्या तीव्र वळणावर तीन जोडचाके एका ओळीत अडकतात. त्यावर उपाय म्हणून मधले चाक बिनकडेचे घ्यायचे. असे चाक मिळते, ते रुळावरून नुसते सरकत जाते. दुसरी गोष्ट, डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकाच वेळी एकाच जागी असून चालत नाहीत. एक बाजू पाव फेरा पुढे असावी लागते, नाहीतर दांडे सरळ रेषेत आले की यंत्र अडते. हे साधायला खऱ्या कारखान्यात मोजमापाची यंत्रे लागतात. लेगोचा आस अधिक चिन्हाच्या आकाराचा असतो, त्यामुळे चाक काढून एक घर फिरवून बसवले की बरोबर काटकोन होतो. खेळण्याने दिलेली ही भेट पाहून मला त्या डॅनिश लोकांचे पाय धरावेसे वाटले.

तिसरी अडचण नाकाची. गुंड्या सगळ्या वरच्या दिशेला, पण नाकाच्या बाजू मात्र सपाट आणि जाळीच्या. तिथे विटा आडव्या करून लावाव्या लागतात. आडवी वीट उभ्या विटेशी जुळणार कशी? पुन्हा गणित धावून येते. पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन गुंड्यांची लांबीही १६ मिलिमीटरच. पाचाला दोन, हे सूत्र एकदा मनात बसले की भिंत कोणत्याही दिशेने वळवता येते. आराखडे काढताना मी कितीतरी सूत्रे वापरली, पण एवढे सोपे आणि एवढे उपयोगी क्वचितच भेटले.

पहिली कच्ची बांधणी मी अण्णांपुढे ठेवली तेव्हा ते नाकावरून बोट फिरवून म्हणाले, “ही खडी कसली पसरलीस?” वरच्या गुंड्या त्यांच्या बोटाला लागत होत्या. डोळे असणाऱ्याला त्या गुंड्यांची सवय असते, लेगो म्हटले की त्या असायच्याच. पण बोटाला सवलत माहीत नसते. मग वरचा सगळा भाग बिनगुंड्यांच्या गुळगुळीत फरश्यांनी झाकला. पुन्हा बोट फिरले. “हं. आता पत्रा.”

दुसरी फेरी दांड्यांची. त्यांनी दोन्ही हातांच्या तर्जन्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर ठेवल्या आणि मला इंजिन हळू ढकलायला सांगितले. “डावा खाली जातोय, उजवा पुढे. बरोबर.” मग स्वतःशीच हसले. “चालताना ह्याचा आवाज असा असायचा, सुपात तांदूळ पाखडतात ना, तसा. आणि उभा असला की कण्हायचा. नवीन पोरं घाबरायची.” ह्या हलत्या दांड्यांमुळेच त्याला खेकडा म्हणत, असे अण्णांचे मत. नांग्या हलवीत चालणारा.

तिसरी फेरी मला सर्वांत जड गेली. इंजिन चालायचे तर मोटर हवी, सहा बारीक सेल असलेली बॅटरीची पेटी हवी. पेटी आठ गुंड्या लांब आणि चार रुंद, आणि तेवढी मोकळी जागा फक्त मधल्या खोलीत. पण अण्णांनी दारातून करंगळी आत घातली. “इथे उभं राहायला जागा होती. दोन माणसं उभी राहायची.” आता काय करावे? बाहेरून पाहणाऱ्याला खोलीत काय आहे ते दिसलेही नसते. पण ज्या माणसाने त्या खोलीत रात्री काढल्या, त्याला तिथे बॅटरी भरलेली दाखवायची, हे मला पटेना. शेवटी पेटी इंजिनाला जोडलेल्या बंद वाघिणीत गेली आणि खालून वायर घेतली. खोलीत आता एक फळी आहे, एक उभा हँडल आहे आणि दोन बाहुल्यांना पुरेल एवढी जागा आहे.

रंगाचा प्रश्न मी शेवटी काढला. “अण्णा, आपल्या वेळी रंग कोणता होता?” ते म्हणाले, “कारखान्यातून येताना असेल काहीतरी. महिन्याभरात ग्रीसचा आणि ब्रेकच्या लोखंडी धुळीचा व्हायचा. तो तांबूस. तू तुला आवडेल तो लाव, मला काय!” म्हणून आमचा खेकडा गडद तपकिरी आहे. भाच्याच्या मगरीसारखा, आणि ब्रेकच्या धुळीसारखाही.

सगळे मिळून इंजिन छप्पन गुंड्या लांब झाले, जवळजवळ एक हात म्हणा ना. पण ते एकसंध नाही. खऱ्या खेकड्याप्रमाणे दोन्ही नाके आपापल्या चाकांबरोबर वळतात आणि मधली खोली त्यांच्यावर टेकलेली राहते. घाटातल्या वळणांसाठी जी युक्ती त्या अभियंत्यांनी केली, तीच माझ्या बत्तीस सेंटिमीटरच्या वळणावर उपयोगी पडली. साठ गुंड्यांचा सरळ डबा जिथे अडतो, तिथे हा छप्पन गुंड्यांचा खेकडा अंग मुरडून निघून जातो.

खरा कुठे आहे?

खरे खेकडे आता धावत नाहीत. १९९०च्या दशकात शेवटचे काही निवृत्त झाले. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात. उद्या कोणी दुरुस्त करून त्याला रुळावर उभे केले, तरी घाटात तो चालायचा नाही. तो १,५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर चालणारा. मुंबईच्या मध्य रेल्वेवर २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने ती वीज जाऊन २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. त्याचे खाणेच बंद झाले म्हणायचे.

संग्रहालयात इंजिन राहते, आराखडे राहतात, पण सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज राहत नाही. तो ज्यांच्या कानात आहे ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. आमच्या घरी हा छंद आला नसता तर अण्णांना हे कोणी विचारले नसते आणि त्यांनीही आपण होऊन सांगितले नसते. इंजिन बांधताना मी प्रश्नांची वही ठेवली होती. ‘दार आत उघडे की बाहेर?’ ‘पुढच्या नाकावरून चालत जाता यायचे का?’ असे साधे प्रश्न. ती वही आता इंजिनापेक्षा जड झाली आहे. प्रतिकृती करणाऱ्याला नेमके जे लागते, ते कोणत्याही चरित्रात विचारलेले नसते. दार कुठे उघडते, हे कोण विचारतो? पण दार कुठे उघडते हे सांगताना माणूस त्या दारातून कोण आत आले, कोण उतरून गेले, हेही सांगून जातो.

ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांच्यासाठी

हे वाचून कोणाच्या मनात आलेच, तर चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

छंद स्वस्त नाही. परदेशी खेळण्यांवरचे आयातशुल्क आपल्याकडे २०२० साली २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७०. म्हणून एकदम मोठा डबा घेऊ नका. मी खेकड्यासाठी दोन भिशींचे पैसे बाजूला ठेवले आणि तुकडे हप्त्याहप्त्याने घेतले. सुटे तुकडे विकणाऱ्यांचा ‘ब्रिकलिंक’ हा जागतिक बाजार २००० सालापासून संगणकावर आहे आणि २०१९ साली खुद्द लेगोनेच तो विकत घेतला. तिथे हवा तो तुकडा, हव्या त्या रंगात, मोजून मिळतो. मात्र टपालखर्च आणि जकात आधी हिशेबात धरा.

विटा रंगांप्रमाणे लावू नका, आकारांप्रमाणे लावा. लाल ढिगातून लहान लाल तुकडा शोधणे कठीण असते, पण लहान तुकड्यांच्या डबीतून लाल चटकन दिसतो. मसाल्याचे जुने डबे ह्या कामी उत्तम, आधी हिंगाचा वास घालवा म्हणजे झाले. विटा मळल्या तर कोमट पाण्यात धुवाव्या, चाळीस अंशांपेक्षा गरम पाणी नको. उन्हात वाळवू नयेत. घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर टेबल उंच हवे आणि डब्यांना झाकणे हवीत, कारण बारीक तुकडा पहिल्यांदा तोंडात जातो.

आणि पहिल्यांदाच इंजिन घेऊ नका. आधी एक वाघीण बांधा. चार चाके, एक पेटी, एक दार. पण ती खऱ्या वाघिणीसमोर उभे राहून बांधा. जवळच्या स्थानकावर मालगाडी थांबली की फलाटावरूनच दाराच्या कड्या मोजा. तुम्ही रोज ज्या गाडीने जाता तिच्या डब्याला एका बाजूला किती खिडक्या आहेत, हे आता न पाहता सांगता येईल का? बहुतेकांना येत नाही. छंदाचा पहिला फायदा हाच, की आठवडाभरात येऊ लागते. पुण्याला गेलात तर कर्वे रस्त्याजवळचे जोशी ह्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवा. १९९८ पासून ते उघडे आहे. तिथल्या गाड्या विटांच्या नाहीत, पण लहान मापात मोठी गोष्ट कशी बसवतात, हे तिथे शिकायला मिळते.

खेकडा गेल्या वर्षी प्रथम टेबलावरच्या रुळावर धावला. चालवण्याची पेटी मी अण्णांच्या हातात दिली. वरचे बटण पुढे, खालचे मागे, मधले तांबडे थांबण्याचे. न पाहता वापरता येते. त्यांनी तीन फेऱ्या मारल्या, कानाने अंदाज घेत बरोबर जागेवर थांबवले आणि म्हणाले, “सूनबाई, हा एकटा का धावतोय? एकटा खेकडा म्हणजे लोणावळ्याहून रिकामा उतरणारा. चढणारा पाहिजे असेल तर पुढे गाडी लाव.”

तेव्हा आता पुढची गाडी चालू आहे. सहा वाघिणी ठरल्या आहेत, तिसरीचे दार आज रात्री बसवायचे आहे. ते आत उघडते, बाहेर उघडते की बाजूला सरकते, हे अण्णा जेवण झाल्यावर सांगणार आहेत.